एस्केप सापडत नाहीये? टर्मिनलमधल्या कळा आपल्या हिशोबाने कशा लावायच्या

(या भागाचं लिखित रूप. ऑडिओत कमांड बोलून सांगितल्या आहेत, त्या तशाच लिहिल्यात. तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचलाय. कामतघरच्या एका श्रोत्याचा मेसेज. दिवसा माणकोलीजवळच्या एका गोदामात पिकिंगचं काम, रात्री घरी पायथन शिकणं. लॅपटॉप नाही. फोनवर टर्मक्स टाकलंय आणि भावाचा छोटा ब्लूटूथ कीबोर्ड जोडलाय. त्यांच्याच गोदामात सिस्टिम सपोर्टची एक जागा निघालीय, महिनाभरात प्रॅक्टिकल टेस्ट आहे. टेस्ट टर्मिनलवर, काळ्या स्क्रीनवर. त्याचे प्रश्न तीन:

एक, "दादा, विममध्ये आत गेलो की बाहेरच येता येत नाही, माझ्या कीबोर्डवर एस्केपच नाही." दोन, "मराठी कीबोर्ड चालू केला की विम वेड्यासारखं करतं." आणि तीन, "गोदामातल्या स्कॅनर गनवर पण अशीच जुनी स्क्रीन आहे, त्याच्या कळा बदलता येतात का?"

तीन वेगळे प्रश्न वाटतात ना? उत्तर एकच आहे. ते उत्तर कळलं की पुढे कुठलीही कमांड पाठ करायची गरज राहत नाही. म्हणून आज आधी "का" आणि मग "कसं".

कळ दाबली की नेमकं काय जातं?

फोनवर आपल्याला सवय असते की बटण दाबलं म्हणजे ॲपला कळतं, "अमुक बटण दाबलं". टर्मिनलमध्ये तसं नाही. तिथे प्रोग्रामला बटण दिसतच नाही. त्याला फक्त आकडे मिळतात. एका तारेतून एकामागून एक येणारे आकडे, बस्स.

कारण जुनं आहे. टर्मिनल म्हणजे पूर्वी खरंच एक वेगळं यंत्र असायचं. कीबोर्ड आणि स्क्रीन टेबलावर, कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, मधे एक वायर. त्या वायरीतून काय जावं याची यादी म्हणजे आस्की, १९६३ साली ठरलेली. कॅपिटल ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६, असं. आज तुमच्या फोनमधलं टर्मक्स त्या यंत्राची नक्कल करतं, म्हणून त्याला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. यंत्र गेलं, नियम राहिले.

आता कंट्रोलची गंमत ऐका. आस्कीत पहिले ३२ आकडे, शून्य ते ३१, अक्षरांसाठी नाहीतच. ते हुकमांसाठी आहेत: टॅब, एंटर, एस्केप वगैरे. आणि कंट्रोल दाबून अक्षर दाबलं की टर्मिनल त्या कॅपिटल अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा करतं. इतकंच.

करून बघू. आय म्हणजे ७३. वजा ६४, उरले ९. नऊ म्हणजे टॅब! म्हणजे कंट्रोल-आय आणि टॅब एकच. एम म्हणजे ७७, वजा ६४, १३. तेरा म्हणजे एंटर. एच म्हणजे ७२, उरले ८, जुना बॅकस्पेस. आणि डावा चौकोनी कंस? तो ९१. वजा ६४, २७. सत्तावीस म्हणजे एस्केप.

मिळालं उत्तर? कीबोर्डवर एस्केप नसलं तरी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबा. प्रोग्रामच्या दृष्टीने यात आणि एस्केपमध्ये काडीचाही फरक नाही, कारण वायरीतून जाणारा आकडा तोच. ही कुठलीही सेटिंग नाही, त्यामुळे टेस्टच्या मशीनवरही चालेल. विममधून न सेव्ह करता बाहेर पडायचं असेल तर हे दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सुटलात!

याच हिशोबातून एक मर्यादाही कळते. कंट्रोल-आयला वेगळं काम आणि टॅबला वेगळं काम, असं साध्या टर्मिनलमध्ये देता येत नाही. दोन्हींचा आकडा नऊच. तसंच कंट्रोल-ए आणि कंट्रोल-शिफ्ट-ए सुद्धा बहुतेक ठिकाणी एकच जातं. खूप जण तासन्‌तास सेटिंग शोधत बसतात. सेटिंगमध्ये दोष नसतो, वायरीतच फरक पोचत नाही.

मग बाणांच्या कळा?

त्यांना आस्कीत जागाच नव्हती. म्हणून त्या एकापेक्षा जास्त आकड्यांच्या ओळी बनून जातात. वरचा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, कॅपिटल ए. १९७८ साली डेक कंपनीचं व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल आलं आणि त्याचीच पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली. कधी तुम्ही बाण दाबलाय आणि स्क्रीनवर टोपी-कंस-कंस-ए असं काहीतरी उमटलंय? ते व्हायरस वगैरे नाही. आकडे पोचलेत, समोरच्या प्रोग्रामला त्यांचा अर्थ लागला नाही, एवढंच.

आल्टचंही तसंच. आल्ट-एफ दाबलं की बहुतेक टर्मिनलं एस्केप पाठवतात आणि लगेच मागून एफ. आता प्रोग्रामची अडचण समजून घ्या. त्याला एस्केप मिळालं. हे नुसतं एस्केप आहे, की बाणाची सुरुवात, की आल्ट? त्याला थोडं थांबून बघावं लागतं. म्हणूनच टीमक्समध्ये विम चालवलं की एस्केप दाबल्यावर किंचित अडखळल्यासारखं होतं. टीमक्सच्या जुन्या आवृत्त्या त्यासाठी ५०० मिलिसेकंद थांबतात. "एस्केप-टाइम" ही सेटिंग १० वर आणली की अडखळणं जातं.

एक कळ, पाच नाके

आता मॅपिंगकडे येऊ. न्हावाशेवाहून कंटेनर निघाला आणि पडघ्याच्या गोदामात जायचाय. वाटेत खारेगाव, माणकोली, रांजणोली. कुठल्याही नाक्यावर त्याला अडवता येतं, वळवता येतं. माल गोदामात पोचला नाही तर आपण गोदामाच्या वॉचमनला ओरडत नाही, आधी विचारतो, "गाडी शेवटची कुठे दिसली?"

कळेचा प्रवास अगदी तसाच. पहिला नाका अँड्रॉइड किंवा विंडोज. दुसरा टर्मिनल ॲप. तिसरा टीमक्स, वापरत असाल तर. चौथा शेल, म्हणजे बॅश. पाचवा प्रोग्राम, उदाहरणार्थ विम; तो चालू असेल तर कळ शेलऐवजी त्याच्याकडे जाते. यातला प्रत्येक जण कळ स्वतः वापरू शकतो, बदलून पुढे पाठवू शकतो किंवा जशीच्या तशी सोडू शकतो. म्हणून कळ चालत नसेल तर आधी शोधायचं, ती कुठल्या नाक्यावर अडकली.

शोधायची युक्ती सोपी. बॅशच्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबा आणि मग ती कळ दाबा. जे आकडे बॅशपर्यंत पोचले ते स्क्रीनवर दिसतील. टोपी आणि कंस दिसला तर ते एस्केप. काहीच दिसलं नाही तर कळ पहिल्या दोन-तीन नाक्यांवरच गिळली गेली, विमच्या फाइलमध्ये कितीही लिहा, उपयोग नाही. मॅपिंग लिहिण्याआधी ही तपासणी कराच.

आणि हो, एक जुना सापळा. कंट्रोल-एस दाबलं की टर्मिनल गोठतं. लोक फोन रीस्टार्ट करतात! ते हँग झालेलं नसतं. पूर्वी स्क्रीनवर मजकूर फार वेगाने आला तर "थांब" म्हणायला ती कळ होती. कंट्रोल-क्यू दाबा, सुरू होईल. कायमचं बंद करायचं तर बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये "एसटीटीवाय, स्पेस, वजा आयएक्सऑन" एवढी ओळ टाका.

फोनवाल्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी

टर्मक्समध्ये काही सोयी आधीपासूनच आहेत. व्हॉल्यूम डाउन धरून ठेवलं की ते कंट्रोल होतं. व्हॉल्यूम अप आणि ई म्हणजे एस्केप. व्हॉल्यूम अप आणि टी म्हणजे टॅब. व्हॉल्यूम अपसोबत डब्ल्यू, ए, एस, डी म्हणजे बाण, गेम खेळणाऱ्यांना सांगायलाच नको.

स्वस्त ब्लूटूथ कीबोर्डवर एस्केपच्या जागी बऱ्याचदा अँड्रॉइडचं बॅक बटण असतं. त्याचा उपाय दुसऱ्या नाक्यावर आहे. होम फोल्डरमध्ये डॉट-टर्मक्स नावाचं फोल्डर, त्यात टर्मक्स-डॉट-प्रॉपर्टीज ही फाइल. तिच्यात "बॅक-की इज इक्वल टू एस्केप" लिहा आणि बाहेर येऊन "टर्मक्स-रीलोड-सेटिंग्ज" ही कमांड चालवा. बॅक बटण आता एस्केप झालं. त्याच फाइलमध्ये "एक्स्ट्रा-कीज" नावाची सेटिंग आहे, तिने स्क्रीनखालच्या बटणांची पट्टी तुम्हाला हवी तशी मांडता येते. टच कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांनी बाण, टॅब, कंट्रोल, पाइपचं चिन्ह आणि स्लॅश तिथे ठेवावं.

चौथ्या नाक्यावरचा, बॅशचा, माझा सगळ्यात आवडता बदल. होम फोल्डरमध्ये डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल करा. त्यात एकच ओळ: दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश, ई, डावा चौकोनी कंस, कॅपिटल ए, पुन्हा अवतरणचिन्ह, कोलन, स्पेस, मग "हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड". वाचा बरं ही ओळ आता. बॅकस्लॅश-ई म्हणजे एस्केप. एस्केप, कंस, ए. म्हणजे वरचा बाण! मघाशी आकडे समजून घेतले म्हणून ही ओळ मंत्रासारखी वाटत नाही. टर्मक्स बंद करून पुन्हा उघडा, "गिट" टाइप करा, वरचा बाण दाबा. आता फक्त गिटने सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतील. फोनवर लांब कमांड पुन्हा टाइप करणं म्हणजे अंगठ्यांना शिक्षा, ती वाचली.

विम, आणि मराठी माणसाची वेगळी अडचण

विममध्ये चालण्यासाठी एच, जे, के, एल का? बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्यावर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. एस्केपही आज जिथे टॅब असतो तिथे, करंगळीच्या अगदी जवळ. आणि होम लिहिलेल्या कळेवर तरंगाचं चिन्ह होतं, म्हणून आजही त्या चिन्हाचा अर्थ होम फोल्डर. म्हणजे जगभर जी रचना "अशीच असते" म्हणून शिकवतात, ती एका माणसाच्या टेबलावरच्या कीबोर्डवरून आली. मग तुमच्या टेबलावरचा कीबोर्ड वेगळा असेल तर रचना बदलण्यात गैर काय?

इंटरनेटवर सगळे सांगतात: इन्सर्ट मोडमध्ये "जेके" पटकन दाबलं की एस्केप व्हावं असं मॅप करा, कारण हे जोडअक्षर इंग्रजीत जवळजवळ येतच नाही. बरोबर, इंग्रजीत. पण आपण कमेंटमध्ये, नोट्समध्ये इंग्रजी लिपीत मराठी लिहितो ना! "आजकाल" लिहा. "राजकारण" लिहा. आला की जे आणि के! उलटं, के-जे घ्या, तर "एकजूट" आणि "एकजण" आडवे येतात. दोनदा जे? "लज्जा". दोनदा के? "नक्की", "पक्का". जे-एफ? त्यात "फौजफाटा" बसलाय! मी शेवटी एफ-जे घेतलं. दोन्ही तर्जन्या जिथे ठेवतो, त्या उंचवटा असलेल्या दोनच कळा, आणि रोजच्या मराठीत मला तरी तो शब्द सापडलेला नाही.

ओळ अशी: "आय-नो-री-मॅप, स्पेस, एफजे, स्पेस, टोकदार कंसात ईएससी". होम फोल्डरमधल्या डॉट-विमआरसी फाइलमध्ये टाका. सुरुवातीचं आय म्हणजे फक्त इन्सर्ट मोडपुरतं. "नो-री" म्हणजे उजव्या बाजूला जे लिहिलंय त्याचा पुन्हा दुसऱ्या मॅपमधून अर्थ लावू नकोस. हे महत्त्वाचं आहे. समजा जे म्हणजे के आणि के म्हणजे जे असं साध्या मॅपने लिहिलं, तर विम या दोघांमध्ये फिरतच राहील आणि शेवटी चूक दाखवून थांबेल. "नो-री" वाल्या मॅपमध्ये हे होत नाही, म्हणून सवय त्याचीच लावा.

आता दुसरा प्रश्न, मराठीचा. अँड्रॉइड किंवा विंडोजवर इन्स्क्रिप्ट चालू केलं की बदल पहिल्याच नाक्यावर होतो. इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या इस्की मानकात समाविष्ट असलेली रचना. त्यात जे दाबलं की र, के दाबलं की क, एच दाबलं की प, एल दाबलं की त. म्हणजे खाली जायला तुम्ही जे दाबता आणि विमला मिळतो र. तोही तीन आकड्यांत: २२४, १६४, १७६. विमला "र" नावाची कमांडच माहीत नाही. ते वेडं झालेलं नाही, त्याला कळत नाहीये.

उपाय: पहिल्या नाक्यावर इंग्रजीच ठेवा, मराठी पाचव्या नाक्यावर करा. विममध्ये "कीमॅप" नावाची सोय आहे. होम फोल्डरमधल्या डॉट-विम फोल्डरमध्ये कीमॅप नावाचं फोल्डर, त्यात "मराठी-डॉट-विम" फाइल. त्यात "लोडकीमॅप" असं लिहून खाली जोड्या: के, स्पेस, क. शिफ्टवालं के, स्पेस, ख. आय ला ग, जे ला र, ई ला काना, डी ला पाय मोडायचं चिन्ह, अशी सगळी यादी. मग विममध्ये "सेट कीमॅप इज इक्वल टू मराठी". आता इन्सर्ट मोडमध्ये मराठी उमटेल आणि बाहेर आलात की एच-जे-के-एल पुन्हा आपापलं काम करतील. इन्सर्टमध्येच मधे इंग्रजी हवं असेल तर कंट्रोल आणि टोपीचं चिन्ह, म्हणजे ६ च्या डोक्यावरचं. पुन्हा दाबलं की पुन्हा मराठी.

तपासायला आपल्या गावाचंच नाव लिहा. शिफ्ट-वाय, एफ, बी, एक्स, डावा चौकोनी कंस, आर. भिवंडी! टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक चौकटीत बसवतं, त्यामुळे वेलांटी किंवा जोडाक्षर तुटक दिसू शकतं. घाबरू नका, फाइलमध्ये मजकूर बरोबर असतो. दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघा.

आपल्याकडे ज्यांच्या घरात डॉबीचा माग आहे त्यांना हे लगेच पटेल. माग तोच, सूत तेच. खुंट्या बदलल्या की वीण बदलते. मॅपिंगची फाइल म्हणजे त्या खुंट्याच.

गोदामातली गन

तिसरा प्रश्न. बऱ्याच गोदामांमध्ये हातातल्या स्कॅनरवर जी मजकुराची स्क्रीन दिसते, ती टर्मिनलच असते. आत एक एम्युलेटर, पलीकडे सर्व्हर. कुठे व्हीटी घराण्यातलं, कुठे आयबीएमचं ५२५०. आयबीएमवाल्या स्क्रीनवर एफ-३ म्हणजे बाहेर पड आणि एफ-१२ म्हणजे रद्द कर, हा जुना रिवाज. आणि बारकोड स्कॅन झाला की बहुतेक ठिकाणी सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही तो आकडा टाइप करून एंटर मारलेलं असतं. म्हणजे स्कॅनर हाही एक कीबोर्डच!

कळा बदलता येतात का? हो, एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये बहुधा येतात. पण तिथे नियम वेगळा. ती गन तुमची नाही, पुढच्या शिफ्टला दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. तुम्ही एफ-३ हलवलं आणि त्याने सवयीने दाबलं तर त्याची अर्धी एंट्री जाईल आणि बोलणी तो खाईल. म्हणून स्वतः हात घालू नका. एक शिफ्ट मोजा, कुठली दोन बटणांची जोडी किती वेळा दाबावी लागते. समजा दर पिकला एक जादा कळ आणि दिवसात ६०० पिक, तर ६०० वेळा बोट वाकवणं. हे कागदावर लिहून सुपरवायझरला द्या: "ही क्रिया बाजूच्या मोकळ्या बटणावर आणता येईल का, सगळ्या गनवर?" मनगट दुखतंय अशी नुसती तक्रार हवेत विरते. मोजलेला आकडा आयटीवाल्याच्या टेबलापर्यंत जातो. आणि ज्याला सपोर्टची जागा हवीय, त्याच्यासाठी याहून चांगली ओळख कुठली?

टेस्टला जाताना

एक सावधगिरी. मॅपिंगची चटक लागते. सगळंच बदललं की दुसऱ्याच्या मशीनवर आपण पंगू होतो. टेस्टच्या मशीनवर तुमची विमआरसी नसणार. म्हणून क्रम असा ठेवा. आधी जे सगळीकडे चालतं ते बोटांत बसवा: कंट्रोल-कंस, कंट्रोल-क्यू, बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, जुनी कमांड शोधायला कंट्रोल-आर. मग स्वतःचे बदल, आठवड्याला एकच. एका आठवड्यात हात आपोआप तिथे गेला तर ठेवा, नाहीतर ओळ काढून टाका. आणि या फाइली गिटमध्ये ठेवा. फोन पडला, चोरीला गेला, तरी दहा मिनिटांत तुमचा कीबोर्ड पुन्हा तुमचा.

कामतघरच्या मित्रा, तुझ्यासाठी आजचा गृहपाठ: टर्मक्स उघड, कंट्रोल-व्ही दाब, आणि कीबोर्डवरच्या सगळ्या विचित्र कळा एकेक करून बघ. कुठली काय पाठवते ते वहीत लिही. अर्ध्या तासाचं काम आहे. टेस्टमध्ये एखादी कळ चालली नाही तर बाकीचे घाबरतील. तू विचारशील, कुठल्या नाक्यावर अडकली.

बाकीच्यांनीही करून बघा. आणि एफ-जे अडकेल असा मराठी शब्द सापडला तर मला जरूर पाठवा, मॅपिंग बदलायला मी तयार आहे. भेटू पुढच्या भागात. टेस्टसाठी शुभेच्छा, आणि मनगट सांभाळा!